उटकटारीची कैफियत

पुणे शहराला बागांची हौस पूर्वापार आहे. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधून त्यातील बेटावर सारसबाग वसविण्यात आली; पेठांतील वाड्यांच्या मागल्या चौकांत प्राजक्त, सोनचाफा आणि जाईजुई यांना जागेची सनद जणू वंशपरंपरेने मिळालेली होती; पुढे इंग्रजी अंमल आला तेव्हा लष्कराच्या बाजूस एम्प्रेस गार्डन उभे राहिले, गणेशखिंडीत १८७३ साली वनस्पतिउद्यान स्थापन झाले, आणि त्या उद्यानाचे अधीक्षक वुड्रो यांचा हिंदुस्थानातील बागकामावरचा इंग्रजी ग्रंथ कित्येक साहेबांच्या व थोड्या एतद्देशीयांच्याही मेजावर दिसू लागला. तेव्हापासून आजतागायत, म्हणजे वाडे जाऊन इमारती आणि इमारतींच्या गच्चीवर कुंड्या येईपर्यंत, या हौसेत खंड पडलेला नाही. दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, तेव्हा गुलाब, शेवंती, डेलिया आणि परदेशी हंगामी फुले यांच्या मांडणीभोवती मुंगीला शिरायला वाट राहत नाही. त्या मेजांवर उटकटारी मांडलेली मात्र माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि नेमक्या त्याच आठवड्यात, तेथून तीन कोसांच्या आत, वेताळ टेकडीच्या मुरमाड उतारावर, कोणी पाणी न घालता व कोणी खत न देता, आपले पांढुरके काटेरी चेंडू उन्हात तोलीत ती खुशाल उभी असते.

त्या झाडाची कैफियत मांडावी, आणि ते आपल्या बागेत कसे लावावे याची साद्यंत माहिती मराठीत एके ठिकाणी उपलब्ध व्हावी, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे. ज्या पुणेकराला अंगण आहे, किंवा अंगणाच्या अभावी ऊन येणारी गच्ची आहे, आणि ज्याला आपल्या बागेने आपल्याच मुलखाची ओळख सांगावी असे मनापासून वाटते, त्याच्यासाठी ते लिहिले आहे. ज्याला बारमाही हिरवळ आणि रोजचे तजेलदार फूल हवे आहे, त्याने ते खाली ठेवले तरी माझी तक्रार नाही.

उटकटारी, उटाटी, उंटकटारा, काटेचेंडू अशा नावांनी हे झाड ओळखले जाते. कोणी त्याला नावाने ओळखतो, कोणी नुसतेच ‘ते काटेरी बोंडांचे’ म्हणतो. उंची फूट-दीड फूट, जमीन मानवली तर तीन फूट. बुडापासूनच फांद्या फुटून चहूकडे पसरतात, आणि साऱ्या अंगावर कापसाच्या तंतूंसारखी पांढुरकी लव असते. पानांना देठ जवळजवळ नसतोच. त्यांच्या कडा खोलवर कातरलेल्या, प्रत्येक दातऱ्याच्या टोकाशी पिवळसर काटा, वरचे अंग हिरवे आणि खालचे अंग लवेने पांढरे. वाऱ्याने पान उलटले की झाड क्षणभर रंग बदलते, आणि हा खेळ हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात दिवसभर चालू राहतो. फांदीच्या टोकाशी येणारा चेंडू इंच-दीड इंच व्यासाचा असतो. त्याच्या गोलाईतून मधूनमधून लांब काटे बाहेर डोकावतात, म्हणून लांबून पाहणाऱ्याला तो चेंडू कमी आणि साळिंदराचे पिलू जास्त वाटतो. युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनाही त्यात तेथला काटेरी साळू दिसला, आणि त्यांनी या प्रजातीचे नाव त्यावरूनच ठेवले.

चेंडूची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण जाणकार म्हणविणाऱ्यांचीही येथे गफलत होते. सूर्यफूल, झेंडू, शेवंती या त्याच्या आप्तांमध्ये आपण ज्याला एक फूल म्हणतो ते वस्तुतः शेकडो बारीक फुलांचे संमेलन असते, आणि त्या सर्वांना मिळून बाहेरून हिरव्या छदांचे एकच कुंपण असते. उटकटारीतही संमेलन आहे, पण प्रत्येक बारीक फुलाला स्वतःचे स्वतंत्र कुंपण आहे. सूर्यफुलाचा कारभार एकत्र कुटुंबाचा म्हणावा, तर उटकटारीचा चेंडू हा शनिवार-नारायण पेठांतला जुना वाडा आहे: दिंडीदरवाजा एक, चौक एक, पण बिऱ्हाडे वेगळी आणि प्रत्येक बिऱ्हाडाची कडी आतून लागलेली. भिंगाखाली एक बिऱ्हाड चिमट्याने अलगद सुटे करून पाहावे. तळाशी ताठ पांढऱ्या केसांचा झुबका, त्यावर टोकदार छदांची चढती उतरंड, आणि आत पाच पाकळ्यांची, पांढरी किंवा किंचित जांभळसर झाक असलेली एकच नळी दिसते. आणखी एक विशेष असा, की सूर्यफुलात फुले कडेकडून मध्याकडे उमलत जातात, तर येथे चेंडूच्या माथ्यावरचे फूल प्रथम उमलते व उमलण्याची लाट खाली उतरते. त्यामुळे तीन-चार दिवस चेंडूने डोक्यावर फुलांची टोपी घातली आहे आणि खालचा भाग अजून मिटलेला आहे, असे मोठे गमतीदार दृश्य दिसते.

शास्त्रीय दफ्तरात या झाडाची नोंद जुनी आहे. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी या जातीचे वर्णन करून तिला एकिनॉप्स एकिनेटस हे नाव दिले. त्यांचा ‘फ्लोरा इंडिका’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ साली, पूर्णत्वाने प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यापुरते पाहिले तर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. इंजिनिअर घडविणाऱ्या संस्थेचा कारभार सांभाळून या गृहस्थांनी घाटमाथ्यापासून देशावरच्या माळापर्यंतच्या वनस्पतींची जमाबंदी केली, आणि १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याच्या वनस्पतींचा जो बृहद्ग्रंथ सिद्ध केला त्यावाचून आजही या प्रांतातल्या अभ्यासकाचे पान हलत नाही. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे कार्यालय १९५५ पासून पुण्यातच आहे. सारांश, ज्या शहरात या झाडाची ओळख पटविण्याची साधने शंभर वर्षांपासून हाताशी आहेत, त्याच शहराच्या बागांत त्याला प्रवेश नाही.

याचे कारण उघड आहे, ते म्हणजे काटा. काटेरी झाड दारात असू नये, त्याने घरात कलह माजतो, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे, आणि ती सांगणाऱ्याच्याच फाटकावर बोगनवेल चढलेली असते. गुलाबाचा काटा आपण क्षम्य मानतो, धोत्र्याचे काटेरी फळ भक्तिभावाने शंकराला वाहतो, कोरफडीची कुंडी तर दारावर उलटी टांगतो; मग उटकटारीपुरताच हा निर्बंध कशासाठी? खरे कारण शकुनात नाही, प्रतिष्ठेत आहे असे मला वाटते. जे झाड माळावर फुकट उगवते ते बागेत लावण्यात पैसा आणि कष्ट खर्ची पडल्याचे समाधान मिळत नाही, आणि शेजाऱ्याला त्याचे मोल सांगता येत नाही.

काट्याचा उपयोग ओळखावा तो शेतकऱ्याने. उटकटारीच्या गोतातली, आपल्या पूर्ण परिचयाची वनस्पती म्हणजे करडई. सोलापूर आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बीला ज्वारी, गहू किंवा हरभरा पेरला की भोवतीने करडईच्या तासांचा पट्टा ओढण्याची पद्धत जुनी आहे. गुरे त्या काट्यांना तोंड लावीत नाहीत, त्यामुळे वेगळे कुंपण न घालता शेत राखले जाते, आणि वर तेलबियांचे उत्पन्न मिळते ते निराळेच. कोवळेपणी हिच्याच पानांची भाजी होते, आणि हिच्या केशरी पाकळ्यांपासून कुसुंब्याचा रंग निघे. काढणीच्या वेळी मात्र काटा मालकालाही ओळखत नाही. म्हणून करडई भल्या पहाटे, दंवाने काटे नरमलेले असताना काढतात, आणि ऊन चढले की काम तहकूब करतात. या त्रासावर फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने चिकाटीने काम केले. १९६८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने बिनकाट्याच्या करडईचा नारी-एनएच-१ हा संकरित वाण २००१ साली प्रसारित केला. मजुराच्या हाताचा विचार करता ही सुधारणा सर्वस्वी स्वागतार्ह आहे. बागेतला विचार वेगळा. तेथे कोणी एकरभर कापणी करायची नाही, आणि काटा काढून घेतलेली उटकटारी म्हणजे मिशी उतरविलेला किल्लेदार. करडईकडून बागाइतदाराने शिकायचे ते पहाटेचा मुहूर्त आणि मुळाचा स्वभाव. करडईचे सोटमूळ पाच-सहा फूट सरळ खाली जाऊन जमिनीच्या पोटातली ओल शोधते. उटकटारीची प्रकृतीही त्याच वळणाची आहे, आणि पुढे सांगावयाच्या लागवडीच्या सर्व नियमांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

औषधी म्हणून या झाडाची ख्याती मोठी. मुळीचा उपयोग लघवीच्या विकारांवर, पौष्टिक म्हणून, तसेच प्रसूती सुलभ व्हावी म्हणून करण्याची चाल खेडोपाडी आढळते. गुरांच्या जखमेत किडे पडले असता मुळीचे चूर्ण त्यात भरतात. मी वैद्य नाही, आणि हे पुस्तक वैद्यकाचे नाही. विशेषतः गर्भवतीने वैद्याच्या सल्ल्यावाचून या मुळीच्या वाटेला जाऊ नये, एवढे बजावून मी हे प्रकरण मिटवितो. पण याच गोतातली एक हकीकत औषधाच्या पेटाऱ्यातून निघून थेट रसायनशास्त्रात गेली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. इराण आणि तुर्कस्तानच्या डोंगरांत या प्रजातीच्या काटेझाडांवर एक सोंडकिडा आपला कोश बांधतो. हा कोश गोड असतो. हकीम लोक तो ‘शकर तिगाल’ या नावाने खोकल्यावर देत, आणि फारसी वैद्यकाबरोबर त्याची कीर्ती हिंदुस्थानातल्या यूनानी दवाखान्यांपर्यंत पोहोचली. १८५९ साली बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्या कोशातून एक शर्करा वेगळी काढली, आणि कोशाच्या ‘त्रेहाला’ या नावावरून तिला ट्रेहॅलोज म्हटले. हीच शर्करा कीटकांच्या रक्तात मुख्यत्वे वाहते, हे पुढे कळले. काटेरी म्हणून ज्याला आपण हात लावीत नाही, त्याच्या अंगावर एक किडा असा साखरेचा कारखाना काढून बसतो!

युरोपातल्या बागांनी या प्रजातीला मान दिला तो निळ्या रंगासाठी. दक्षिण युरोपापासून पश्चिम आशियापर्यंत वाढणारी एकिनॉप्स रिट्रो ही जात लिनियसने १७५३ सालीच नोंदविली होती. विल्यम रॉबिन्सन या आयरिश उद्यानकाराने १८७० साली ‘दि वाइल्ड गार्डन’ लिहून, कातरलेल्या कुंपणांच्या आणि रांगेत बसविलेल्या हंगामी फुलांच्या बागेविरुद्ध बंड पुकारले, तेव्हापासून अशा रांगड्या झाडांना विलायतेत चांगले दिवस आले. आता तर तेथील नामांकित उद्यानकार सुकलेली बोंडेदेखील हिवाळाभर मुद्दाम ठेवून देतात. ती पोलादी निळ्या चेंडूंची छायाचित्रे पाहून आपल्याकडचा हौशी माणूस बियांचे पाकीट मागवितो, आणि तेथेच फसतो. ती निळी जात बहुवर्षायू आहे. तिला खडखडीत थंडीची दीर्घ विश्रांती लागते. पुण्यात पारा दहा अंशांखाली जातो खरा, पण तो काही रात्रींपुरता. दुपारी पुन्हा सदरा अंगाला चिकटतो, आणि त्यानंतरचा आपला वैशाख तर तिच्या कल्पनेच्या पलीकडचा. पानांचा गुच्छ धरून ती एखादे वर्ष काढील, पण निळा चेंडू दाखवीलच याचा भरवसा नाही. देशी जातीत तो निळा नाही, हे मान्य केले पाहिजे. तिचा रंग चांदीचा आहे, आणि ज्या मोसमात डेक्कनचा माळ गवताने सोनेरी झालेला असतो त्या मोसमात चांदीच अधिक खुलते, असे माझे मत आहे. निळ्याची हौस असेलच तर पायाशी विष्णुक्रांता लावावी. तीही त्याच टेकडीची रहिवासी, आणि तिचे निळे डोळे जमिनीलगत महिनोन्‌महिने उघडे असतात. मागील बाजूस कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे असू द्यावेत. या तिघांची मांडणी करण्यास कोणत्याही विलायती कॅटलॉगची गरज नाही.

आता लागवडीविषयी थोडे, कारण तपशील पुढील प्रकरणांत आहेच. उटकटारीच्या बाबतीत माळी जे जे अगत्याने करतो ते ते तिला बाधते. शेणखत दिले, की ती पानांनी माजते, फांद्या लांबून लोळतात आणि चेंडू थोडे व उशिरा येतात. रोज पाणी दिले, की मुळाशी कूज लागते. नर्सरीतल्यासारखे पिशवीत वाढवून जागा बदलली, की सोटमूळ दुखावते आणि झाड पुन्हा उभारी धरीत नाही; सोलापूर रस्त्याला मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंत ज्या असंख्य रोपवाटिका आहेत त्यांत हे रोप विकावयास नसते, त्याचे हेही एक कारण असावे. म्हणून बी जागच्या जागी टोकावे. पुण्याचा पाऊस सालीना सुमारे ७०० मिलिमीटर, म्हणजे घाटमाथ्यावरच्या लोणावळ्याच्या मानाने किरकोळ. पण तो तीन-चार महिन्यांत पडून जातो, आणि नदीकाठच्या पेठांतली काळी माती त्या काळात चिखल धरून ठेवते. अशा जमिनीत उटकटारी लावायची तर आधी वीतभर उंचीचा गादीवाफा करावा, त्यात निम्म्याहून अधिक मुरूम व जाड वाळू मिसळावी, आणि त्याला एका बाजूस उतार द्यावा. टेकडीच्या पायथ्याशी, कोथरूड-पाषाण-बाणेरकडे, घराचा पाया खणताना निघालेला मुरूम लोक ट्रकने भरून बाहेर टाकतात व त्या जागी विकतची लाल माती आणतात. त्यांनी तो व्यवहार उलटा करावा, एवढेच.

रोहिणी-मृगाच्या पहिल्या सरी झाल्या, की एका जागी तीन-चार बिया अर्धा इंच खोल टोकाव्यात आणि दोन जागांत दीड-दोन फुटांचे अंतर ठेवावे. उगवण झाल्यावर सर्वांत जोमदार रोप राखून बाकीची खुरप्याने कापावीत. उपटू नयेत, उपटताना राखलेल्याचे मूळ हलते. पहिला महिना-दीड महिना रोप जमिनीसरपट पानांचा गुच्छ करून बसते. या अवस्थेत ते कोणत्याही तणासारखे दिसते, आणि घरचा माळी मोठ्या कर्तव्यनिष्ठेने ते काढून टाकतो. म्हणून शेजारी काठी रोवून ठेवावी आणि माळ्याला तोंडी ताकीद द्यावी. दोन्हींपैकी एकावर भागत नाही. कुंडीत लावायचे असेल, तर रुंदीपेक्षा खोलीला महत्त्व द्यावे: पंधरा-सोळा इंच खोल, तळाशी मोकळी छिद्रे आणि विटांचे तुकडे. दिवसातून सहा तास ऊन नसेल, तर हा खटाटोप करू नये. पाऊस उघडल्यावर जमिनीतल्या झाडाला पाण्याची जवळजवळ गरज नसते. कुंडीतल्याला आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर द्यावे, आणि मध्ये माती कोरडी होऊ द्यावी. थंडीच्या तोंडाशी शेंड्यांवर मावा पडलाच, तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा. फुलावर आलेल्या झाडावर विषारी औषध मारू नये, कारण त्या वेळी तेथे पाहुणे आलेले असतात.

हे पाहुणे हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. पावसाळी फुलांचा बहर सरल्यानंतर आणि पळस-सावर फुलण्यापूर्वी टेकड्यांवर मधाचा तुटवडा असतो, आणि त्या दिवसांत उटकटारीच्या चेंडूवर फुलोरी आणि सातेरी माश्या, भुंगे, आणि ऊन चांगले असेल तर फुलपाखरे सारखी फिरत असतात. मधमाश्यांच्या अभ्यासाची केंद्रीय संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. तिच्या शहरात मधमाशीला हिवाळ्यात चार फुले मिळावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही. चेंडूच्या काट्यांचा पाहुण्यांना उपद्रव होत नाही. काटे खाणाऱ्यासाठी आहेत, मध घेणाऱ्यासाठी नाहीत, असा काहीसा तेथला कायदा दिसतो.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे: हे झाड बागेत आणले, तर ते तणासारखे पसरणार नाही काय? पुणेकराला हा प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे, कारण गाजर गवताची भारतातली पहिली नोंद याच शहरातली, १९५० नंतरच्या पाच-सहा वर्षांतली. पुढे त्या गवताने देशभर जो उच्छाद मांडला तो सर्वश्रुत आहे. पण दोघांत महदंतर आहे. गाजर गवत परमुलखातून आले, त्याला येथे वैरी नव्हता, आणि एकेक झाड हजारो बारीक बिया उधळते. उटकटारी या भूमीची आहे. तिचे बी आपल्या केसाळ वेष्टनासह जड असते व बहुतेक झाडाच्या पायाशीच पडते. ज्या माळावर ती फार दिसते तो माळ गुरांनी प्रमाणाबाहेर चारला आहे, असे समजावे. चांगले गवत खाल्ले गेले, काटा शिल्लक राहिला, याचा दोष काट्याकडे जात नाही. बागेत चार-सहा चेंडू वेळीच कापले, की तिचा प्रसार मालकाच्या हुकमात राहतो.

कापलेले चेंडू वाया जात नाहीत. माथ्यावरचे पहिले फूल उमलण्याच्या आत, पहाटेच्या दंवात, जाड कातडी हातमोजे घालून लांब देठासह ते कापावेत, पाने खुडून टाकावीत, आणि सावलीत उलटे टांगून दोन-तीन आठवडे सुकवावेत. मग ते वर्षभर टिकतात, आणि तांब्याच्या जुन्या लोट्यात असे काही शोभतात, की पाहुणे प्लास्टिकच्या फुलांची चौकशी करणे सोडून देतात. उमलल्यानंतर कापले तर मात्र एके दिवशी मेजावर चेंडूऐवजी काट्यांचा सडा दिसतो, आणि तो वेचण्याचे काम ज्याच्या अंगावर येते तो या पुस्तकाच्या लेखकाविषयी बरे बोलत नाही.

टेकड्यांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. पुण्याच्या टेकड्या हिरव्या करण्याच्या सद्हेतूने तेथे गिरिपुष्पाची दाट लागवड झाली, आणि उन्हाळ्यातला उघडा डोंगर पाहून हळहळणाऱ्या नागरिकांचे समाधानही झाले. पण उघडा माळ हा ओसाड नसतो. त्यावर गवत, विष्णुक्रांता, कुर्डू, उटकटारी यांचे राज्य असते, आणि ते सावलीत टिकत नाही. ज्याला झाड म्हणजे उंच, सावली देणारे आणि हिरवेच एवढेच ठाऊक आहे, त्याला हे पटविणे कठीण आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या आरंभी रोपे घेऊन टेकडीवर जाणाऱ्या उत्साही मंडळींना तर फारच कठीण. माझा त्यांच्याशी वाद नाही. त्यांनी एकदा पौषातल्या सकाळी, हातात रोप न घेता, त्या उतारावरून चालून यावे, आणि पायाखाली काय आहे ते पाहावे.

वाचकांस विनंती अशी, की हे पुस्तक वाचून कोणी टेकडीवरचे झाड मुळासकट उपटून आणू नये. ते कुंडीत जगत नाही, आणि टेकडीवरचे एक कमी होते. फाल्गुन-चैत्रात बोंड गवती रंगाचे होऊन बोटाच्या दाबाने सुटू लागले, की एका झाडावरचे एकच बोंड घ्यावे व बाकीची जागच्या जागी राहू द्यावीत. वेताळ टेकडीचा मोठा भाग वन खात्याच्या हद्दीत येतो; तेथून काहीही आणण्यास परवानगी लागते. दिवे घाटापलीकडे सासवडच्या वाटेवर शेतांच्या बांधांवर ही झाडे मुबलक आहेत, आणि मालकाला विचारले तर तो सहसा नाही म्हणत नाही. फक्त हे काटे नेऊन करणार काय, असे एकदा विचारतो.